नमुना एकशे चौदा

जालन्यात उतरले तेव्हा पिशवीत
एकशे वीस प्रश्नावल्या, दोन पेनं, एक स्टेपलर.
मार्गदर्शकांनी बजावलेलं : चार क्षेत्रं घ्या,
पोलाद, बियाणं, बँक, दवाखाना,
प्रत्येकी तीस. म्हणजे सारणी नीट बसते.

विषय असा, की माणसातला गुण
संस्था कसा हेरते, कसा जोपासते, कसा टिकवते.
प्रत्येक प्रश्नाखाली पाच चौकोन,
पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत.

औद्योगिक वसाहतीत, भट्टीवरच्या मुनीरचाचांनी
कागद उलटा धरला, मग सुलटा.
"बाई, हे तुम्हीच भरा. मी बोलतो."
चाचा लोखंडाचा रस बघतात. बस, बघतात.
तापमापी आत जायच्या आधीच सांगतात, "अजून कच्चा हाय."
अनुभव किती वर्षं? "गिनती नाही केली."
प्रशिक्षण?
हसले. भुवया कधीच जळून गेलेल्या,
हसू कपाळापर्यंत चढलं अन् तिथं त्याला थांबायला काही मिळालं नाही.

प्रश्न सतरा : तुमच्यानंतर तुमची जागा कोण घेईल,
हे संस्थेनं ठरवलं आहे का?
चाचांनी हनुवटीनं दाखवलं,
भंगाराच्या ढिगापाशी पत्रे निवडणारं पोरगं. उमाकांत.
"त्याला आगीचा रंग कळतो.
कंपनीला म्हाईत नाही. त्याला बी नाही.
मी सांगितलं नाही अजून, फुगंल म्हणून."
मी पेन धरून बसले. टिक कुठं करू?

बँकेत मार्चअखेर. "ठेवून जा मॅडम."
आठ दिवसांनी तीसच्या तीस परत मिळाल्या,
एकाच हस्ताक्षरात, एकाच निळ्या शाईत,
सगळे सगळ्याशी पूर्ण सहमत.

बियाण्याच्या कंपनीत थंडगार हवा, काचेचं दार.
मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी पडद्यावर नऊ घरांचा तक्ता लावला,
वरच्या उजव्या घरात सात नावं. "हे आमचे तारे."
मागं प्रयोगशाळेत द्वारकाबाई घोलप
ओल्या कागदावर मुगाचे दाणे मांडायल्या होत्या,
मोजत नव्हत्या. बोटांना शंभर ठाऊक.
"आठव्या दिशी बघायचं, किती उगवले ते लिवायचं."
आणि न उगवलेले?
"काही मेलेले असतेत. काही नुसते कडक,
पाणीच आत घेत नाहीत. ते मेले नाहीत बरं का, माय.
त्येंचा रकाना येगळाय."
नऊ घरांत मी त्यांचं नाव शोधलं. तक्ता तोवर बंद झाला होता.

दवाखान्याचं काय लिहू?
तान्ह्या बाळाची शीर पहिल्या टोचणीत सापडणारा ब्रदर
त्याच दुपारी राजीनामा देऊन गेला.
माझी प्रश्नावली त्याच्या टेबलावर, चहाच्या ग्लासाखाली.

जूनमध्ये पुन्हा गेले, सतरावा प्रश्न पुरा करायला.
"उमाकांत? चाकणला गेला. दीड हजार जास्त."
चाचा भट्टीकडंच बघत बोलले.
बऱ्याच वेळानं, आवाजाच्या वर आवाज काढून,
"सांगायला पाहिजे होतं."

मार्गदर्शक म्हणतात, अपुरे नमुने बाद करा.

परतीच्या बसमध्ये एकशे चौदावी मांडीवर घेतली.
नाव लिहिलं. पदनाम : तासिका तत्त्वावर.
अनुभव : नऊ वर्षं, दर जूनला पुन्हा पहिल्यापासून.
तुमच्यातले गुण संस्थेला ठाऊक आहेत का?
बाहेर मोसंबीच्या बागा मागं सरकत होत्या.
मला ठाऊक आहेत का, हा प्रश्न मी तयार केला नव्हता.

कंडक्टर वाकून बघायला लागला.
"सर्वे का ताई? आम्हाला कोण इचारंना."
एक प्रत दिली. त्यानं तिकिटांच्या पेटीवर ठेवून
पहिलं पान वाचलं, ओठ हलवत.
"ह्यानं काय व्हतं?"
"सारणी होते," म्हटलं.
त्यानं मान हलवली, कागद घडी करून खिशात घातला,
अन् पुढं सरकला : बदनापूर, बदनापूर कोण?